नवमीचा कावळा आणि गच्चीवरचं डबडं

सोमनाथला कुठलीही वस्तू नुसती चाललेली बघवत नसे. ती आपोआप चालली पाहिजे, असा त्याचा हट्ट. अंबडच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. आठ तास यंत्रं दुरुस्त करून आलेला माणूस घरी पाय पसरून बसतो. हा गडी चहा प्यायचा, शर्टाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढायचा आणि घरातल्या धडधाकट वस्तूंकडे संशयानं बघत हिंडायचा. तो घरात शिरला की मिक्सरसुद्धा अंग चोरून बसतो, असं त्याची बायको सविता म्हणायची.

घर पंचवटीत, दिंडोरी रोडच्या मागच्या गल्लीत. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. खोटं कशाला बोला, त्याच्या हातचं काही काही चालायचंसुद्धा. टाकी भरली की मोटर आपली आपण बंद व्हायची आणि त्याबद्दल गल्लीतल्या बायका सविताचा हेवा करायच्या. पण मग त्यानं कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र केलं आणि करायला गेलो गणपती, झाला मारुती अशी गत झाली. तीन शिट्ट्या झाल्या की घंटा वाजायची. आता समोरच्या निलोफरभाभीच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्या खिडकीपासून चार हातांवर. कुठली शिट्टी कुणाची, हे यंत्राला काय ठाऊक? दोन तिच्या, एक आपली, घंटा वाजली, गॅस बंद, डाळ कच्ची. आठवडाभर कचकचीत डाळ खाल्ल्यावर सविता आणि निलोफरभाभी यांनी खिडकीतून बोलून कुकर लावायच्या वेळा वाटून घेतल्या. एका यंत्राच्या सोयीसाठी दोन घरांनी आपला दिवस बदलला. सोमनाथला यात यंत्राची चूक दिसली नाही. मोजणी तर बरोबर होती, असं तो म्हणाला.

यंदाच्या गणपतीत कळस झाला. टाळी वाजवली की पुढच्या खोलीतला दिवा लागावा आणि पुन्हा वाजवली की विझावा, अशी सोय त्यानं चतुर्थीच्या आदल्या दिवशी करून ठेवली. आरतीला टाळ्या वाजतात, एवढी साधी गोष्ट या हुशार माणसाच्या डोक्यात आली नाही. आरती सुरू झाली आणि गणपतीच्या डोक्यावरचा दिवा लागतोय, विझतोय, परत लागतोय. सोमनाथची आत्या अंबूबाई निफाडहून दर्शनाला आली होती. तिनं हात जोडले, तिच्या डोळ्यांना धार लागली. आरती संपताच तिनं घरी सुनेला फोन लावला आणि देवानं मला खूण दाखवली म्हणून सांगितलं. सोमनाथची मुलगी सृष्टी आठवीत आहे आणि तिला वेळीअवेळी खरं बोलायची वाईट खोड आहे. ती म्हणाली, तो पप्पांचा स्विच आहे. आत्यानं त्यानंतर दोन दिवस कुणाशी शब्द काढला नाही. मोदक तेवढे खाल्ले, पण तोंड भिंतीकडे करून.

आत्या निफाडला गेली त्या संध्याकाळी सवितानं सोमनाथला समोर बसवलं. नवमीला सासूबाईंचं पित्तर होतं. लंकाबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचा मान अविधवा नवमीचा. वर्षश्राद्ध होऊन गेल्यावरचं हे पहिलंच पित्तर, आणि आत्या त्यालाही येणार होती.

"त्या दिवशी तुमचं एक जरी डबडं मध्ये आलं," सविता म्हणाली, "तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला घरात बोलवीन. सगळं देईन. एकूणएक."

सविता बोलते ते करते, हे सोमनाथला लग्नाच्या पंधरा वर्षांत नीट कळलं होतं. त्यानं मान हलवली. मान हलवताना त्याची नजर छताकडे गेली, कारण गच्चीवर टाकीच्या मागे एक डबडं होतं आणि ते तिथे आहे हे सविताला माहीत नव्हतं.

त्या डबड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लंकाबाई दर चैत्रात गच्चीवर कुरडया घालायच्या. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यातून पांढऱ्या साडीवर पाडायचा. इथवर सगळे मदतीला. पुढे कुरडया वाळेपर्यंत कावळ्यांपासून राखायच्या, ते मात्र त्यांचं एकटीचं काम. डोक्यावर ओला टॉवेल, हातात काठी, आणि तोंडाचा पट्टा चालू. एका वर्षी त्यांना उन्हात चक्कर आली. सोमनाथनं त्यांना खाली आणून निजवलं आणि त्याच दुपारी स्क्रू-ड्रायव्हर काढला.

रंगाचा रिकामा डबा, त्यात जुना मोबाइल, एक भोंगा, समोर काही हललं की ओळखणारा एक काचेचा डोळा आणि उन्हावर चार्ज व्हायला झाकणावर काळी पाटी. आधी त्यानं भोंग्यातून सायरन वाजवला. कावळे आवाज कुठून येतो ते बघायला जवळ आले. मग त्यानं बिबट्याची डरकाळी लावली. कावळ्यांनी कुरडई खाता खाता मान वर केली, एवढंच. पण नाशकात बिबट्या हे काही नुसतं चित्रातलं जनावर नाही. निलोफरभाभीचा नवरा नियाज दुकानाचं शटर ओढून आत बसला, आणि गल्ली अर्धा दिवस दारं लावून होती. सोमनाथनं खरं सांगितलं तेव्हा नियाजनं शटर वर केलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

शेवटी त्याच्या ध्यानात आलं की कावळे भितात ते फक्त एका आवाजाला. मग आईचाच आवाज घ्यायचं ठरलं. पण मोबाइल समोर धरला की लंकाबाई पदर सारखा करायच्या आणि भाषणाला उभं राहिल्यासारखं, मी लंकाबाई रंगनाथ, राहणार सायखेडा, असं गावाकडच्या पत्त्यासकट सुरू करायच्या. अशा आवाजाला कावळा कशाला भीक घालतो? अखेर सोमनाथनं न सांगताच रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल डब्यात ठेवला आणि आपण वायरी जोडत बसला. एक कावळा आला आणि मनासारखी शिवी मिळाली. सुरुवातीचे चार सेकंद तेवढे वाजतील असं त्यानं बसवलं. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. त्या चैत्रात लंकाबाई पहिल्यांदा खाली पंख्याखाली बसल्या आणि वर गच्चीवर त्यांचा आवाज कावळे हाकत होता. सायखेड्याहून कुणी आलं की त्या वर बोट दाखवून सांगायच्या, ती वरची बी मीच हाय.

पुढच्या पौषात त्या गेल्या. त्या वर्षी वाळवण झालंच नाही. यंदाच्या चैत्रात सवितानं दोन किलोच्या कुरडया घातल्या आणि सोमनाथनं विचार न करता डबा टाकीवर बसवला. सविता ताट घेऊन जिना चढत होती. वरून सासूबाई ओरडल्या. ती तिथेच पायरीवर बसली, आणि बराच वेळ उठली नाही. नंतर तिनं एवढंच सांगितलं की ते काढून टाका, मला ऐकवत नाही. सोमनाथ काढतो म्हणाला. गच्चीवर गेला. डब्याला हात लावला. पण आई बोलते ते एवढ्या एकाच ठिकाणी, आणि ती वायर त्याच्याच्यानं ओढवेना. त्यानं फोनवरून डबा बंद केला, टाकीमागे सरकवला आणि खाली येऊन काढला म्हणून सांगितलं. बायकोशी खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता, पण त्या दिवशी ते जमून गेलं.

नवमीला सकाळपासून आभाळ होतं. सवितानं भल्या पहाटे स्वयंपाकाला हात घातला होता. खीर, कढी, वडे, भजी, डांगराची भाजी, पुरण, आमसुलाची चटणी. आत्या येताच तिनं आधी पुढच्या खोलीत एक टाळी वाजवून बघितली. दिवा लागला नाही, तेव्हा कुठे चप्पल काढली. सवितानं घरातले सगळे फोन गोळा करून पिठाच्या डब्यात ठेवले आणि डबा फळीवर वर चढवला. बारा वाजता सोमनाथच्या वडिलांनी, रंगनाथअण्णांनी, केळीच्या पानावर वाढलेला घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला, पाणी फिरवलं, हात जोडले. मग सगळे जिन्याच्या पत्र्याखाली येऊन बसले. कावळा घासाला शिवला की खाली पंगत, त्याआधी कुणी अन्नाला हात लावायचा नाही.

पण पितृपक्षात पंचवटीतल्या कावळ्याचा भाव सराफाला परवडणार नाही असा असतो. दर गच्चीवर पान, दर पानावर वडा. एरवी उकिरड्यावर हाणामाऱ्या करणारा हा प्राणी या पंधरवड्यात वडा कुरकुरीत आहे का ते लांबूनच बघतो. नियाजच्या कठड्यावर तीन कावळे बसले होते. पोटं फुगलेली, नजर यांच्या पानावर, पण उडायचं नाव नाही. साडेबारा झाले. अण्णांची साखरेची गोळी जेवणाबरोबरची; ते गोळी मुठीत धरून बसले होते आणि अधूनमधून मूठ उघडून बघत होते.

"वैनीचं कशात तरी मन अडकलंय," आत्या म्हणाली.

झालं. मग कबुल्या सुरू झाल्या. कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखायची आणि ती पुरी करायचा शब्द द्यायचा, ही रीत. अण्णांनी हात जोडून सांगितलं की आजपासून चहात साखर बंद. कावळा हलला नाही. थोडा विचार करून ते म्हणाले की गोडधोडसुद्धा बंद. सविता म्हणाली, यंदाच्या कुरडया कावळ्यांनी नेल्या, बाजारच्या आणाव्या लागल्या, येत्या चैत्रात मी स्वतः राखीन. सृष्टीनं आजीच्या गोधडीवर मांजराला झोपवते ते बंद करीन म्हणून सांगितलं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानं बराच वेळ पदराशी चाळा केला आणि शेवटी कबूल केलं की वैनीचं पितळी पातेलं सहा वर्षांपासून तिच्याकडे आहे आणि दिवाळीला आणून देईन. नियाजच्या कठड्यावरच्या एका कावळ्यानं पंख झाडले. पातेल्याचं आहे वाटतं, असं अण्णा हळूच पुटपुटले.

एवढ्यात ढग सरले आणि गच्चीवर लख्ख ऊन पडलं. सगळ्यांना बरं वाटलं. सोमनाथचं लक्ष सहज टाकीकडे गेलं आणि तिथेच अडकलं. टाकीमागून काळ्या पाटीचा कोपरा डोकावत होता. त्याच्याखाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

काय झालं असेल हे त्याला एका क्षणात कळलं, कारण ते त्याचंच काम होतं. दोन महिने पावसाळी आभाळात डब्याचं चार्जिंग पार संपलं होतं. आता ऊन लागून तो पुन्हा सुरू झाला होता, आणि पुन्हा सुरू झाला की डबा फोनवरून सांगितलेलं सगळं विसरायचा. बंद राहा म्हणून सांगितलेलं विसरला होता. आणि त्याचा काचेचा डोळा नेमका पानाकडे होता. आता कावळा पानावर उतरला रे उतरला, की आई स्वतःच्याच पित्तराला आलेल्या कावळ्याला हाकलणार.

त्यानं उठायचा प्रयत्न केला. आत्यानं बस म्हणून खुणावलं. हालचाल दिसली की कावळा बुजतो. फोन आणावा म्हणून तो म्हणाला, पाणी पिऊन येतो. सवितानं शेजारचा तांब्या पुढे केला. तो पाणी प्याला. मग म्हणाला, जरा टाकी भरली का बघतो. सविता म्हणाली, ती आपोआप बघते ना? तो परत मांडी घालून बसला आणि सगळं घर कावळ्याला ये ये म्हणून विनवत असताना तो एकटा मनातल्या मनात म्हणू लागला, बाबा, येऊ नको. तिथेच बस. दुसऱ्यांच्याकडे वडे चांगले आहेत.

त्याची चुळबुळ आत्याच्या नजरेतून सुटली नाही. तिला वाटलं, बरोबर, ह्याचंच राहिलंय. आणि मग तिनं वैनीची खरी इच्छा शोधून काढली.

"सोमा, तुझ्या आईला ह्या डबड्यांचा लय ताप होता. शब्द दे तिला. सगळं सोडलं म्हण."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. सवितानं तर नजर वळवलीच नाही. सोमनाथनं कठड्याकडे पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटलं. आईला ताप होता का? ती चिडायची, डबडं म्हणायची, पण तसं ती अण्णांनाही म्हणायची. तिला काय वाटत होतं ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आता विचारणार कुणाला? त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आई, ही सगळी यंत्रं मी..."

नियाजच्या कठड्यावरून एक कावळा उडाला आणि सरळ पानाजवळ उतरला.

"हाऽड्! हाड् मेल्या! गिळायला टपलाय नुसता!"

कावळा उडाला तो थेट गोदेच्या दिशेनं. आत्यानं सृष्टीचा हात घट्ट धरला. अण्णांच्या मुठीतली गोळी खाली पडून घरंगळत गेली. सवितानं टाकीकडे बघितलं आणि मग सोमनाथकडे, आणि त्याला भंगारवाल्याची हातगाडी डोळ्यांसमोर दिसली. तो खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढत टाकीमागे धावला. पण डबा थांबला नाही. चार सेकंदांनी थांबायचं, हेसुद्धा तो विसरला होता. भोंग्यात बांगड्या वाजल्या आणि लंकाबाई पुढे बोलू लागल्या, आता हळू, रोजच्या आवाजात.

"सोमा, ते ठेव खाली अन् जेवून घे. ऊन लय झालंय."

मग एक "हं" ऐकू आला. तो सोमनाथचा होता. वायरीत डोकं घातल्यावर येणारा त्याचा "हं" सवितानं पंधरा वर्षांत हजारदा ऐकला होता. तिनं तो लगेच ओळखला.

"हं काय? बापालाबी हाक मार, त्याची गोळी राहिली."

"हं."

"चालंल रे तुझं डबडं. माझं ऊन चुकंल त्यानं. पण आधी जेव."

पुढे नुसता वारा होता. सोमनाथ डब्यावर हात ठेवून उभा राहिला. ती हे त्याच्यापासून दोन हातांवर बसून बोलली होती आणि त्यानं ऐकलंच नव्हतं. जेवला होता की नाही तेही आठवेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्याच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर धरलेला हातच होता.

पहिले उठले ते अण्णा. त्यांनी गोळी शोधली, धोतराला पुसली आणि जिन्याकडे निघाले. आत्या म्हणाली, दादा, कावळा शिवला नाही अजून.

"पन्नास वर्षं तिचं ऐकलं," अण्णा म्हणाले. "ती जेवा म्हणती, अन् मी कावळ्याची वाट बघू व्हय?"

आत्यानं पदर खोचला. ती उठली. सोमनाथनं पाटीची वायर ओढली, या वेळी जमलं, आणि डबा काखेत घेतला. सविता त्याच्यासाठी थांबली होती. भंगारवाल्याबद्दल ती काही बोलली नाही. काढला म्हणाला होतात, एवढंच म्हणाली, आणि पदरानं डब्यावरची धूळ पुसली. मागे वळून बघणारी एकटी सृष्टी. पानावर दोन कावळे उतरले होते आणि वड्यावरून भांडत होते. तिनं खाली येऊन ते सांगितलं, पण तोवर अण्णांचा दुसरा वडा चालला होता.

सवितानं सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि डबा कुठे ठेवावा ते न सुचून मधे खिरीच्या पातेल्याला टेकवून ठेवला. पंगत रंगली. आत्यानं पितळी पातेल्याचा विषय काढला नाही, बाकीच्यांनीही काढला नाही. सगळ्यांचं लक्ष पानात आहेसं बघून अण्णांनी आपली रिकामी वाटी उचलली आणि हळूच खिरीच्या पळीकडे हात नेला. डब्यात अजून थोडं चार्जिंग होतं.

"हाऽड्! हाड् मेल्या! गिळायला टपलाय नुसता!"

अण्णांनी हात मागे घेतला आणि वाटी पालथी घातली. सृष्टीला ठसका लागला, आत्या हसता हसता डोळे पुसू लागली, सविता तोंडाला पदर लावून गदगदत होती. सोमनाथनं डब्याकडे हात नेला, पण बंद केला नाही. बांगड्या वाजल्या.

"सोमा, ते ठेव खाली अन् जेवून घे."

डब्यातला सोमनाथ "हं" म्हणाला. पानावरच्या सोमनाथनं हातातला घास तोंडात घातला, नीट चावून गिळला आणि मग उत्तर दिलं.

"जेवतोय, आई."